बोरघाटाच्या ॲलिसबाई

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की दोन गोष्टी ठरलेल्या. प्रवाशांची दिवाडकरांच्या वड्यासाठी धावपळ उडते, आणि बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात. चढावर मागून रेटा देणाऱ्या या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात. उमेदीची सगळी वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला या शब्दाची नेहमीच गंमत वाटत आली आहे. पळसदरी मागे पडते, बोगद्यामागून बोगदा येतो, उल्हास नदीची दरी खोल खोल जाते आणि पावसाळ्यात कड्याकड्यावरून पांढऱ्या धारा कोसळू लागतात. मग डब्यातला प्रत्येक जण फोन खिडकीशी धरून फोटो काढू लागतो.

हा घाट रेल्वेसाठी फोडला जात असतानाच त्याचे फोटो काढणारी एक इंग्रज बाई होती. तिचे नाव ॲलिस ट्रेडवेल. आणि ती काही सहलीला आलेली हौशी मडम नव्हती. नवऱ्याच्या पश्चात या घाटाचे कंत्राट तिनेच पुढे चालवले होते.

1853 साली मुंबई-ठाणे गाडी धावली, तरी सह्याद्री ओलांडल्याशिवाय त्या गाडीला फारसा अर्थ नव्हता. 1856 मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले. 1858 मध्ये वर खंडाळ्याहून पुण्याला गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने चढावा लागे. हा दुवा जोडण्याचे काम जानेवारी 1856 मध्ये सुरू झाले. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली आणि कंत्राटदार होते विल्यम फॅव्हिएल. पंचवीस किलोमीटरच्या अंतरात सुमारे 1,831 फूट चढायचे होते आणि काही ठिकाणी चढ 37 फुटांना एक फूट इतका तीव्र होता. बोगदे पंचवीस, शिवाय दऱ्यांवरचे उंच कमानींचे पूल. खडक म्हणाल तर आपला काळा कातळ. उभ्या कड्यावर पाय ठेवायला जागा नसे, तेव्हा माणसे दोरांनी खाली सोडून सुरुंगाची भोके पाडून घेतली जात.

1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून कामावर दंगल उसळली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत फॅव्हिएलसाहेबांनी अंग काढून घेतले. त्यांच्या जागी त्याच वर्षाच्या अखेरीस सॉलोमन ट्रेडवेल आले. इंग्लंडात रेल्वेची कामे केलेला हा मुरलेला कंत्राटदार. पण इथल्या हवेला मुरलेपण कळत नाही. काही आठवड्यांतच सॉलोमन आजारी पडून वारले.

आता ॲलिसबाईंची स्थिती पाहा. परका मुलुख, नवऱ्याचे निधन, आधीच एका कंत्राटदाराने सोडून दिलेले काम आणि मजुरांमध्ये पटकीची भीती. हिशेब मिटवून त्या पुढच्या बोटीने मायदेशी निघाल्या असत्या, तर कोणी नावे ठेवली नसती. कर्जदार दगावल्यावर वारस बँकेच्या दारात कसे येतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. जबाबदारी झटकण्याचा मार्ग शोधणारे पुष्कळ असतात. ‘काम पुढे न्यायचे आहे, काय करावे लागेल ते सांगा,’ असे म्हणणारी एखादीच बाई निघते. ॲलिसबाई त्या जातीच्या. त्यांनी कंत्राट चालू ठेवले. स्वॅन्सन ॲडमसन आणि जॉर्ज क्लाउझर या दोन जाणत्या अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष काम सोपवले. योगायोग असा, की त्या काळच्या इंग्रजी कायद्यात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. विधवेला मात्र येई. जे कपाळी आले त्यानेच सहीचा अधिकार दिला.

काम वाढतच गेले. 1861 च्या सुरुवातीला घाटात बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. बायका आणि मुलेही त्यांत होती. आजच्या कर्जत-खालापूरच्या डोंगरात त्या काळी एक अख्खे शहरच वसले होते म्हणा ना! साथींनी आणि अपघातांनी त्यांतली हजारो माणसे गेली.

अशा गदारोळात ॲलिसबाईंनी कॅमेरा उभा केला. त्या काळी रूढ असलेली पद्धत आज ऐकतानाही दमायला होते. काचेच्या तावदानावर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ते अंधारात चांदीच्या क्षारात बुडवायचे, ओले असतानाच कॅमेऱ्यात घालायचे आणि वाळण्याआधी पुन्हा अंधारात नेऊन धुवायचे. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. आपल्याकडच्या उन्हात तर त्याहूनही कमी. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी, सगळे बिऱ्हाड कड्यावर न्यायचे! ॲलिसबाईंच्या फोटोंत अर्धवट पूल आहेत, उघडे कातळ आहेत, खंडाळ्याजवळचे ते प्रसिद्ध ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ आहे. तिथे डोंगराच्या सोंडेवर पुढे जागाच नव्हती. गाडी थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने उरलेला चढ चढे.

त्या काचेला आणखी एक मर्यादा होती. फोटो उमटायला काही क्षण लागत आणि तेवढ्यात हललेला माणूस धुरासारखा पुसट होई. डोंगर स्पष्ट, पूल स्पष्ट, राबणारा मात्र धूसर. त्या बेचाळीस हजारांच्या बाबतीत इतिहासानेही तेच केले. मोठी गंमत म्हणजे, फोटो काढणाऱ्या बाईचेही फार वेगळे झाले नाही. बर्कली यांचे नाव पुस्तकांत राहिले, ॲलिसबाईंचे उरले तळटीपांत.

21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. घाई कुठेतरी नडली असावी, कारण 1867 च्या पावसाळ्यात माहूकी माळीचा मोठा पूल कोसळला आणि पुन्हा बांधावा लागला. 1929 मध्ये विजेच्या गाड्यांसाठी नवा मार्ग झाला आणि रिव्हर्सिंग स्टेशन ओस पडले. त्याच्या शेजारचा 1830 चा अमृतांजन पूलही 2020 च्या एप्रिलमध्ये पाडण्यात आला. दगड गेले, रूळ हलले. ॲलिसबाईंच्या फोटोंचा अल्बम मात्र अमेरिकेत, टेक्सासमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे.

आपले कर्जत-खालापूर पाहायला टेक्सासला जावे लागावे, याची थोडी खंत वाटते. त्या फोटोंच्या मोठ्या प्रती कर्जत स्थानकाच्या एखाद्या भिंतीवर लागल्या तर काय बिघडेल? खाली ॲलिसबाईंचे नाव असावे आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्यांच्यासाठी एक ओळ असावी. मागे इंजिने जोडली जाईपर्यंत गाडी तिथे थांबतेच. वडा खाता खाता वाचून होईल.