कलामहर्षी बाबूराव पेंटर

पंधराव्या शतकात इटली देशात लिओनार्दो दा विंची नावाचा एक थोर पुरुष होऊन गेला. चित्रकार म्हणून त्याची कीर्ती दिगंत पसरली आहे. परंतु त्याच्या टिपणवह्या उघडून पाहिल्या तर त्यांत उडती यंत्रे, कालव्यांची दारे, दातेरी चक्रे अशा नाना वस्तूंच्या आकृत्या आढळतात. कुंचला आणि कानस ही दोन्ही एकाच हाताला वश व्हावीत, असा योग विरळा. आपल्या महाराष्ट्रात हा योग कोणाच्या ठायी जुळून आला होता, असे कोणी विचारल्यास कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचे नाव घ्यावे लागेल. लिओनार्दोची बहुतेक यंत्रे कागदावरच राहिली. बाबूरावांचे यंत्र मात्र चालले.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. मेस्त्री हे नावच त्या घराण्याचा व्यवसाय सांगते. लाकूड, लोखंड आणि माती यांच्याशी त्या मुलाची ओळख घरातच झाली. कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता तो पाहून पाहून चित्रे काढू लागला व मूर्ती घडवू लागला. त्या काळी कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने गायन, मल्लविद्या व नाट्यकला यांस बहर आला होता, आणि आबालाल रहिमान यांच्यासारखा निष्णात चित्रकार त्याच नगरीत वावरत होता. गुणी मुलाला एवढी शाळा पुष्कळ झाली.

नात्याने बंधू लागणारे आनंदराव हे त्यांचे सोबती व एका अर्थी गुरूही. या दोघांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचा उद्योग आरंभिला. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी रंगविलेले पडदे फार वाखाणले गेले. लोक त्यांस पेंटर म्हणू लागले, आणि पुढे मेस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हेच नाव रूढ झाले.

इसवी सन १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा मूक चित्रपट प्रसिद्ध झाला आणि या दोघा बंधूंची झोप उडाली. आपण रंगविलेला पडदा निश्चल. हा पडदा हलतो! आनंदरावांनी मुंबईहून चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र मिळविले. ते पाहता पाहता दोघांच्या मनाने घेतले की, चित्रे दाखवावयाचे यंत्र हाती आले, तर ती टिपावयाचे यंत्र आपण स्वतःच का करू नये? परंतु १९१६ साली आनंदराव अकाली निवर्तले, आणि अर्धवट राहिलेला मनोरथ व त्याचा सारा भार एकट्या बाबूरावांवर पडला.

हे काम किती बिकट होते, ते वाचकांनी क्षणभर ध्यानात आणावे. कॅमेऱ्यातील फिल्म सारखी वाहती राहिली तर तिच्यावर नुसता धूसर पट्टा उमटेल. ती क्षणमात्र थांबली पाहिजे, त्याच क्षणी झडप उघडून भिंगातून प्रकाश आत आला पाहिजे, मग झडप मिटून फिल्म नेमकी चार छिद्रे पुढे सरकली पाहिजे. आणि हा सर्व खेळ हाताने दांडा फिरवून एका सेकंदात सुमारे सोळा वेळा घडला पाहिजे. एखादा दाता केसभर चुकला तर पडद्यावर चित्र उड्या मारील. पेटीला बारीकशी फट राहिली तर सगळी फिल्म वाया जाईल. बाबूरावांचे शिष्य विष्णुपंत दामले यांचा हात यंत्रकामात तरबेज होता. त्यांच्या साहाय्याने एकेक भाग घडवून, बिघडला तर पुन्हा घडवून, १९१८ च्या सुमारास बाबूरावांनी स्वदेशी कॅमेरा तयार केला. दुर्दैव इतकेच की, तो पाहावयास आनंदराव उरले नव्हते.

यंत्र सिद्ध झाले, पण भांडवल कोठून आणावे? ते दिले तानीबाई कागलकर या गायिकेने. ही गोष्ट सांगताना पुष्कळजण घाईने पुढे जातात. मला ती मुद्दाम नमूद करावीशी वाटते. अशा रीतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात सैरंध्री हा तिचा पहिला चित्रपट झळकला. फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री न मिळाल्यामुळे ती पुरुषाकडून करवून घ्यावी लागली होती. सैरंध्रीत गुलाबबाई व अनसूयाबाई या दोघींनी कमलादेवी व सुशीलादेवी अशी नावे धारण करून काम केले. कीचकवधाचा देखावा तर इतका हुबेहूब वठला होता की, त्यास पुढे कात्री लावावी लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरविले.

चित्रपटातील देखावे रंगीत पडद्यांसमोर उरकण्याची तोवर रीत होती. पडदे रंगविण्यात ज्याचा हात धरणारा नव्हता, त्याच बाबूरावांनी ती मोडली आणि खरीखुरी वाटणारी घरे व वाडे उभारले. चित्रणापूर्वी प्रसंगांची रेखाटने ते स्वतः करीत. १९२३ च्या सिंहगड चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. जाहिरातीची भित्तिचित्रेही तेच रंगवीत.

परंतु त्यांच्या कृतींत मला सर्वांत मोलाची वाटते ती १९२५ सालची सावकारी पाश. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर ती आधारलेली होती. तीत ना देव, ना राजा; कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणारा एक गरीब शेतकरी हाच नायक. ही भूमिका तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढील काळातील व्ही. शांताराम, यांनी केली. आमच्या परभणी जिल्ह्यातील काळ्या रानात कापूस पिकवून तो परस्पर सावकाराच्या वखारीत घातलेला ज्यांच्या वाडवडिलांनी पाहिला, त्यांना ही कथा निराळी समजावून सांगावी लागणार नाही. मात्र पुराणकथांना सोकावलेल्या तत्कालीन प्रेक्षकांना ती रुचली नाही. चित्रपटाला धंद्यात यश आले नाही, आणि बाबूरावांना पुन्हा मुकुट व तलवारी यांच्याकडे वळावे लागले. बाबूरावांना मात्र या कथेचा विसर पडला नाही; १९३६ साली तीच त्यांनी बोलपटाच्या रूपाने पुनः सादर केली.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले चौघे बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. गुरूचे वैभव शिष्यांच्या घरी गेले. थोड्याच काळात महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. १९३१ मध्ये बोलपट अवतरला. पण बोलण्याच्या गर्दीत वर्षानुवर्षे कष्टाने घडविलेली चित्रांची भाषा बुडून जाईल, अशी बाबूरावांची धारणा होती. उषा, प्रतिभा, लोकशाहीर रामजोशी असे काही बोलपट त्यांनी केले खरे, तथापि त्यांचे मन अधिक रमले ते कुंचल्यात आणि मातीत. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात १९४५ साली बसविलेला शिवछत्रपतींचा पुतळा त्यांच्याच हातचा.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे देहावसान झाले. त्यांची सैरंध्री आज कोणासही पाहावयास मिळत नाही; त्या काळच्या बहुतेक मूकपटांप्रमाणे तीही नष्ट झाली. त्यांच्या १९२४ सालच्या कल्याण खजिना या चित्रपटाचे एक भित्तिचित्र मात्र शिल्लक आहे. कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे त्यांच्या स्मरणार्थ एक स्तंभ उभारलेला आहे, आणि त्याच्या माथ्यावर कॅमेरा आहे.