रस्ता संपतो तिथून पुढे : आल्डो लिओपोल्ड



शिबिर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रांगेत ठोकलेले तंबू, मेस, पाण्याचा टँकर आणि रात्रीचा पहारा उभा राहतो. अमेरिकेतील राष्ट्रीय वनांमध्ये शिबिराचा आणखी एक प्रकार रूढ आहे. तिथे नळ नाही, शौचालय नाही, कचऱ्याचा डबा नाही, पहारेकरी नाही आणि बहुतेक ठिकाणी शुल्कही नाही. पाठीवर सामान घ्यावे, रस्ता सोडून आत चालत जावे, योग्य जागा पाहून रात्र काढावी आणि जाताना आपण आलो होतो याची खूणही मागे ठेवू नये. जमीन सरकारी, म्हणजे जनतेची. तिथे मुक्काम करण्याचा हक्क सर्वांना आहे, आणि ती जमीन जशी होती तशी ठेवण्याची जबाबदारीही सर्वांवर आहे.

मोटारी वाढल्या आणि जंगलातून रस्ते निघू लागले, तेव्हा असा मुक्काम करण्याजोगी जमीनच उरणार नाही अशी वेळ आली होती. काही मोजक्या लोकांनी हा धोका ओळखला. त्यांत आल्डो लिओपोल्ड हे एक प्रमुख नाव. त्यांच्या आयुष्यात यश आहे तसेच अपयशही आहे, आणि नेतृत्वाचे धडे घेणाऱ्यांना दोन्हींतून शिकण्यासारखे आहे.

आल्डोचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या गावी झाला. घर मिसिसिपी नदीच्या काठावरील उंच कड्यावर होते. वडील कार्ल यांचा लाकडी मेजे बनविण्याचा कारखाना होता. ते हौशी शिकारी होते, पण स्वतःला नियम घालून घेणारे. वसंत ऋतूत पक्ष्यांची घरटी करण्याची वेळ असते म्हणून त्यांनी त्या दिवसांतली शिकार आपणहून बंद केली. तेव्हा कायद्याची तशी सक्ती नव्हती. कोणी पाहत नसतानाही नियम पाळायचा, हा संस्कार आल्डोला घरातच मिळाला.

पुढे येल विद्यापीठातून १९०९ मध्ये त्यांनी वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. अमेरिकेची वनसेवा १९०५ साली स्थापन झाली होती आणि तिला प्रशिक्षित तरुणांची गरज होती. त्याच वर्षी, बाविसाव्या वर्षी, लिओपोल्ड वनसेवेत रुजू झाले. नेमणूक ॲरिझोनातील अपाची राष्ट्रीय वनात झाली. ॲरिझोनाला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. डोंगराळ मुलूख, वाटा घोड्यांच्या आणि मुक्काम उघड्यावर.

रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना एका पाहणी तुकडीचे प्रमुख करण्यात आले. काम होते डोंगरातील लाकूडसाठ्याची मोजणी करून नकाशा तयार करण्याचे. प्रमुख नवखा आणि हाताखालची माणसे अनुभवी, अशी स्थिती होती. मोजणीच्या मूळ रेषेतच चुका झाल्या, आकडे जुळेनात आणि काम पुन्हा करावे लागले. प्रमुखाचे लक्ष कामापेक्षा शिकारीकडे जास्त आहे अशी कुरकुर सुरू झाली. तक्रार वरपर्यंत गेली, चौकशी झाली. नोकरी राहिली, पण हा धक्का मोठा होता. लिओपोल्ड यांनी तो मनाला लावून घेतला आणि पुढच्या हंगामात तुकडीचे काम नीट पार पाडले. विद्यापीठाची पदवी असली तरी माणसे आपोआप मागे येत नाहीत, हे ते पहिल्याच मोहिमेत शिकले.

त्याच १९०९ सालच्या मोहिमेतील आणखी एक घटना आहे. कड्यावर बसून जेवत असताना त्यांना खाली नदी ओलांडणारी लांडगीण दिसली. सोबत तिची वाढलेली पिल्ले होती. लांडगा दिसला की गोळी घालायची, हा त्या काळचा रिवाज. सर्वांनी बंदुका चालवल्या. लिओपोल्ड खाली उतरून मरणाऱ्या लांडगिणीजवळ पोहोचले. त्या क्षणाचा अर्थ त्यांना उमगायला पुढे पस्तीस वर्षे लागली.

१९११ साली त्यांची बदली न्यू मेक्सिकोतील कार्सन राष्ट्रीय वनात झाली. पुढच्या वर्षी ते तिथले प्रमुख अधिकारी झाले आणि ऑक्टोबर १९१२ मध्ये एस्टेला बर्जेर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एप्रिल १९१३ मध्ये मेंढपाळांमधील चराईचे तंटे मिटविण्यासाठी ते दूरच्या भागात गेले. परतताना वादळाने गाठले. पाऊस, गारा, बर्फ. अंथरूण भिजून चिंब. ओल्या अंथरुणातच रात्र काढून त्यांनी प्रवास चालू ठेवला. गुडघे सुजले, मग पाय इतके सुजले की बूट कापून काढावे लागले. मूत्रपिंडाचा तीव्र विकार जडला होता. मरणाच्या दारातून ते परत आले, पण कामावर रुजू व्हायला जवळजवळ दीड वर्ष गेले. उघड्यावरचा मुक्काम ही गमतीची गोष्ट नाही. कोरडे अंथरूण, कोरडे कपडे आणि शरीराने दिलेला इशारा वेळीच ऐकणे यावर तिथे जीव अवलंबून असतो. रानात राहण्याचे गोडवे लिओपोल्ड यांनी पुढे गायले, ते ही किंमत मोजल्यानंतर.

आजारपणानंतर त्यांच्याकडे शिकार आणि पर्यटन हे विषय आले. देशात मोटारींची संख्या झपाट्याने वाढत होती. लोक सुट्टीत जंगलाकडे धाव घेत होते आणि त्यांच्या सोयीसाठी दरीदरीतून रस्ते निघत होते. लिओपोल्ड वनसेवेत आले तेव्हा ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या राष्ट्रीय वनांत, प्रत्येकी पाच लाख एकरांहून मोठे, असे सहा रस्तेविरहित प्रदेश होते. १९२०च्या दशकात त्यांपैकी पाचांत रस्ते शिरले. उरला एकच, गिला नदीच्या उगमाचा.

१९१९ च्या डिसेंबरमध्ये डेन्व्हर येथे त्यांची आर्थर कारहार्ट या वनसेवेतील तरुण आराखडाकाराशी भेट झाली. कोलोरॅडोतील एका तळ्याच्या काठी बंगल्यांसाठी भूखंड आखण्याचे काम कारहार्ट यांना दिले होते. जागा पाहून आल्यावर त्यांनी तिथे काहीच बांधू नये अशी शिफारस केली. दोघांचे विचार जुळले. १९२१ साली लिओपोल्ड यांनी वनशास्त्राच्या नियतकालिकात एक लेख लिहून आपली कल्पना मांडली. काही सरकारी वनप्रदेश रस्ते, बंगले आणि हॉटेले यांपासून मुक्त ठेवावेत. आकार एवढा असावा की माणसाने घोड्यावर सामान लादून आत शिरावे आणि दोन आठवडे स्वतःच्या बळावर राहावे. शिकार आणि मासेमारी कायद्याप्रमाणे चालू राहावी.

त्यांचा युक्तिवाद सरळ होता. मोटारीने जाऊन राहता येईल अशा जागा हजारो आहेत आणि आणखी होतील. चालत किंवा घोड्यावर जाऊन राहण्याच्या जागा मात्र फक्त कमी होऊ शकतात, कारण एकदा केलेला रस्ता कोणी उखडत नाही. श्रीमंत माणूस दूरच्या देशात जाऊन रान शोधील, पण साध्या पगारदाराला ते आपल्याच राज्यात मिळाले पाहिजे. वनसेवेचे तेव्हाचे ध्येय जंगलाचा जास्तीत जास्त उपयोग करणे हे होते. लिओपोल्ड यांनी त्या ध्येयाला विरोध केला नाही. काही ठिकाणी जंगलाचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे ते तसेच ठेवणे, एवढेच त्यांनी आपल्या वरिष्ठांना पटवून दिले. खात्यात राहून, नकाशे आणि अहवाल मांडून, शिस्तीच्या चौकटीत त्यांनी ही लढाई लढली.

३ जून १९२४ रोजी विभागीय वनाधिकारी फ्रँक पूलर यांनी मंजुरी दिली. गिला राष्ट्रीय वनातील सुमारे ७,५५,००० एकर, म्हणजे तीन हजार चौरस किलोमीटरहून थोडा अधिक प्रदेश रस्तेविरहित ठेवण्याचे ठरले. जगातील पहिले अधिकृत रानक्षेत्र म्हणून गिलाचा उल्लेख होतो. हुकूम निघाला तेव्हा लिओपोल्ड तिथे नव्हते. काही दिवसांपूर्वीच त्यांची बदली विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे झाली होती.

या विजयाला एक कडू शेवटही आहे. न्यू मेक्सिकोत असताना हरणांची संख्या वाढावी म्हणून लांडगे आणि डोंगरी सिंह संपवण्याच्या मोहिमेत लिओपोल्ड आघाडीवर होते. शत्रू कमी झाले, हरणे वाढली. इतकी वाढली की गिलातील झाडपाला संपू लागला. हरणे मारण्यासाठी शिकाऱ्यांना आत नेणे भाग पडले आणि त्यासाठी १९३०च्या सुमारास त्याच रानक्षेत्रातून रस्ता काढण्यात आला. ज्या प्रदेशात रस्ता नको म्हणून ते झटले, त्याचे दोन तुकडे झाले. त्यामागे त्यांनीच पुरस्कारलेले धोरण होते.

दुसरा कोणी असता तर त्याने दोष इतरांवर ढकलला असता. लिओपोल्ड यांनी आपले मत बदलले आणि ते उघडपणे सांगितले. १९३३ साली ते विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. या विषयाचे देशातील ते पहिलेच पद होते. १९३५ मध्ये बॉब मार्शल आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी रानक्षेत्रांच्या रक्षणासाठी वाइल्डरनेस सोसायटी स्थापन केली. १९४४ साली त्या लांडगिणीवर निबंध लिहून त्यांनी तरुणपणची चूक मान्य केली. लांडगे नसलेला डोंगर हरणे खाऊन टाकतात, हे त्यांना पटले होते.

१९३५ मध्येच त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी एक उजाड, नापीक झालेले शेत विकत घेतले. तिथे उभी असलेली एकच वास्तू म्हणजे कोंबड्यांचे जुने खुराडे. ते साफ करून त्याची खोपी केली. वीज नाही, नळ नाही. शनिवार-रविवार पती-पत्नी आणि पाच मुले तिथे जात आणि दर वसंतात हजारो पाइनची रोपे लावत. अनेक रोपे दुष्काळात जळाली, ती पुन्हा लावली. या मुलांपैकी तिघे पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

या शेतावरील आणि रानातील निबंधांचे हस्तलिखित अनेक प्रकाशकांकडून परत आले. अखेर १४ एप्रिल १९४८ रोजी ते स्वीकारल्याचा दूरध्वनी आला. बरोबर एका आठवड्याने, २१ एप्रिलला, शेजारच्या शेतात गवताला आग लागली. वाऱ्याबरोबर ती पसरत होती. एकसष्ट वर्षांचे लिओपोल्ड बायको आणि मुलीसह आग विझवायला धावले आणि पाण्याचा पंप पाठीवर घेऊन एकटेच पुढे गेले. तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. आजवर त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत.

१९६४ साली अमेरिकी संसदेने रानक्षेत्रांचा कायदा केला. पहिल्याच दिवशी ९१ लाख एकर जमिनीला संरक्षण मिळाले आणि त्यात गिला होते. रस्त्याने तुटलेल्या पूर्वेकडच्या भागातही रानक्षेत्र झाले. १९८० पासून ते लिओपोल्ड यांच्याच नावाने ओळखले जाते.

आज तिथल्या राष्ट्रीय वनांत साधारण चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. नियम थोडे, पण पक्के. तंबू पाण्यापासून सुमारे दोनशे फूट दूर लावायचा. आगीवर बंदी असेल तर चूल पेटवायची नाही. पेटवली तर राख हाताला थंड लागेपर्यंत विझवायची. शौचासाठी पाण्यापासून दूर वीतभर खोल खड्डा खणून तो बुजवायचा. सर्व कचरा परत आणायचा. पाहायला कोणी नसते, म्हणून हे नियम प्रत्येकाने स्वतःच पाळायचे असतात.

आपल्या देशातील परिस्थिती वेगळी आहे. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि एवढी माणसे, गावे व वन्यप्राणी जवळजवळ राहत असताना ते योग्यही आहे. पण परवानगी घेऊन आपण डोंगरात तळ टाकतो, तेव्हा वरील प्रत्येक नियम आपल्यालाही लागू पडतो. पुढच्या पदभ्रमणात तंबू काढल्यावर तुकडीच्या प्रमुखाने सर्वांना एका रांगेत उभे करावे आणि तळाची जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत तपासावी. गोळीची चांदी, दोरीचा तुकडा, अर्धी जळालेली काडी, सगळे उचलावे. पाच मिनिटांचे काम आहे. मग पाठपिशव्या चढवून पुढे निघावे.