लक्ष्मणराव किर्लोस्कर

यंत्र घडविणे कठीण आहे; परंतु यंत्र आणि ते चालविणारा मनुष्य यांचा मेळ घालणे त्याहूनही कठीण आहे. ही दोन्ही कामे ज्यांनी आयुष्यभर निष्ठेने केली, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव अग्रभागी आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेतील पाठांतरापेक्षा चित्रे काढण्यात व यंत्रे न्याहाळण्यात त्यांचे मन अधिक रमे. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईस गेले. परंतु काही रंगांतील भेद आपणांस नीट कळत नाही, असे तेथे त्यांच्या ध्यानी आले. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? तरीही ते खचले नाहीत. रंगांचा नाद सोडून त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या हस्तगत केली व मुंबईच्या एका तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास परतले.

तेथे वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर ते बनवू लागले. लाकडी नांगर जमीन केवळ उकरीत असे. लोखंडी नांगर मात्र ढेकूळ उलथून टाकी व हरळी-कुंद्याची मुळे तोडी. असे असूनही गिऱ्हाईक मिळेना! लोखंडाने जमिनीत विष पसरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर दोन वर्षे पडून राहिले. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना दोष दिला नाही. ज्याच्या हाती अवजार द्यावयाचे, त्याच्या मनातील भीती जाईपर्यंत धीर धरला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. नांगरटीचा गुण दिसू लागला, तसतशी ती समजूत मावळत गेली.

इतक्यात दुसरे संकट आले. बेळगावातील कारखान्याची जागा सोडणे भाग पडले. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. माळावर निवडुंग माजले होते. पाण्याचे दुर्भिक्ष होते. तेथेच १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

कारखाना उभा राहिला, पण कुशल कारागीर कोठून आणावयाचे? आसपासच्या खेड्यांतील माणसांनाच लक्ष्मणरावांनी हाताशी धरले. कालपर्यंत कासरा धरणारे हात साचे घालू लागले, लोखंड ओतू लागले, लेथवर काम करू लागले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही त्यांनी विश्वास टाकला आणि तो सार्थ ठरला. वाडीत अस्पृश्यतेला त्यांनी थारा दिला नाही. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळविण्यासाठी जुन्या तोफा दिल्या. रणांगणावरील लोखंडाचे असे नांगर झाले! पुढे वाडीत उसाचे चरक, पंप व इंजिने तयार होऊ लागली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

आज धुळे जिल्ह्यातील नरडाण्यासारख्या ठिकाणीही औद्योगिक वसाहत उभी आहे. यंत्रे पुष्कळ बदलली. कामगाराचा हात कोठवर पोचतो, तो केव्हा थकतो, त्याची चूक कोठे होते, यांचा आता शास्त्रशुद्ध अभ्यास होतो व त्याप्रमाणे कामाची आखणी केली जाते. परंतु यंत्राबरोबर माणसाचाही विचार केला पाहिजे, हा धडा लक्ष्मणरावांनी निवडुंगाच्या त्या माळावर आपल्या आचरणाने घालून दिला होता.