‘ध’ चा ‘मा’ कुणी केला? अडीचशे वर्षं खुनाचा डाग वागवणाऱ्या आनंदीबाईंची गोष्ट

पेशवाईतल्या एका नवरा-बायकोनं मराठीला दोन वाक्प्रचार दिले. नवऱ्याच्या वाट्याला आला ‘अटकेपार झेंडा लावणे’. बायकोच्या वाट्याला आला ‘ध चा मा करणे’.

नवरा म्हणजे रघुनाथराव उर्फ राघोबादादा. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या त्या मोहिमेचे सरदार. आणि बायको म्हणजे आनंदीबाई. कोकणातल्या गुहागरच्या ओकांची मुलगी. लहान वयात लग्न होऊन शनिवारवाड्यात आली, राघोबादादांची दुसरी पत्नी म्हणून.

आता हा वाडा कसा होता? वरून वैभव, आतून धुसफूस. १७६१ साली पानिपत झालं, त्याच वर्षी नानासाहेब पेशवे गेले. गादीवर आले त्यांचे सोळा वर्षांचे चिरंजीव माधवराव. इतक्या लढाया मारलेल्या सख्ख्या काकाला पोरसवदा पुतण्याच्या हाताखाली काम करणं जमेना. काका-पुतण्यात लढाया झाल्या, तह झाले, पुन्हा बिनसलं. शेवटी १७६८ साली धोडपला माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना पुण्यात आणून शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवलं.

म्हणजे आनंदीबाईंचा संसार कसा, तर नवरा स्वतःच्याच घरात कैदी. दाराबाहेर पहारा. आणि पहारा ठेवणारा घरचाच पुतण्या.

नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला माधवराव क्षयानं गेले. जाण्याआधी त्यांनी धाकट्या भावाला, नारायणरावाला, काकांच्या हवाली केलं. काही महिने बरे गेले. पण नारायणराव वयानं लहान, स्वभावानं तापट. १७७३ च्या एप्रिलमध्ये काका पुन्हा नजरकैदेत.

मग उजाडला ३० ऑगस्ट १७७३. भाद्रपदाचा महिना, वाड्यात गणपती बसलेले. दुपारी पगार थकल्याची बोंब मारत गारदी वाड्यात घुसले. हे गारदी म्हणजे पेशव्यांच्याच पदरचे भाडोत्री शिपाई, त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. अठरा वर्षांचा नारायणराव जीव घेऊन पळाला तो थेट काकांच्या दालनात. त्यानं काकांना मिठी मारली, जीव वाचवा म्हणून विनवण्या केल्या. गारद्यांनी तिथंच त्याला कापलं. त्याला वाचवायला मध्ये पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला.

इथून सुरू होते ‘ध’ आणि ‘मा’ची गोष्ट.

सगळ्यांना ठाऊक असलेली कथा अशी. राघोबादादांनी गारद्यांना लेखी हुकूम दिला होता तो नारायणरावाला धरण्याचा. कागदावर शब्द होता ‘धरावे’. तो कागद आनंदीबाईंच्या हाती पडला आणि त्यांनी ‘ध’ खोडून ‘मा’ केला. धरावेचं मारावे झालं. म्हणजे राघोबादादा फक्त सत्तेचे लोभी, खुनी मात्र त्यांची बायको.

आता जरा थांबून बघा. या खुनाची चौकशी झाली होती, आणि ती केली होती न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी. रामशास्त्रींनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. गादीवर बसलेल्या माणसाला त्यांनी तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे, आणि ते पुणं सोडून गेले. जो हुकूम आपलाच होता हे राघोबादादांना नाकारता आलं नाही, त्याच हुकमातलं एक अक्षर पुढं सगळ्या गुन्ह्याचं ओझं वाहू लागलं.

अक्षर बदलल्याची ही हकिकत ठळकपणे छापून आली ती ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात. तो ग्रंथ १८२६ चा. म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. आणि अक्षर आनंदीबाईंनी बदललं याला त्यानं आधार दिला तो लोकांच्या समजुतीचा. पुढच्या अनेक इतिहासकारांनी या कथेवर शंका घेतली. पण तोवर वाक्प्रचार घराघरात पोहोचला होता.

असं फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. प्राचीन ग्रीकांकडे अगदी असंच एक घराणं आहे, मायसीनीच्या राजाचं. राजा अ‍ॅगमेम्नॉन ट्रॉयचं युद्ध जिंकून घरी येतो आणि घरातच मारला जातो. होमरच्या ‘ओडिसी’त हा खून प्रामुख्यानं करतो एजिस्थस, म्हणजे राजाचा चुलतभाऊ. राणी क्लायटेम्नेस्ट्रा कटात असते, पण हात त्याचा. पुढं इ.स.पूर्व ४५८ मध्ये एस्किलसनं याच कथेवर नाटकं रचली, आणि त्यात शस्त्र थेट राणीच्या हातात आलं. भावकीतला पुरुष मागं सरकला आणि बायको पुढं आली.

फरक एवढाच की ग्रीक नाटककारानं राणीला कारण तरी दिलं. लढाईला जाताना वारा अनुकूल व्हावा म्हणून अ‍ॅगमेम्नॉननं पोटच्या मुलीचा बळी दिला होता. तिचा सूड हा आईचा सूड होता. आनंदीबाईंच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. नवऱ्याची वर्षानुवर्षांची कैद हे कारण होऊ शकलं असतं, पण लोककथेनं त्यांना नुसती महत्त्वाकांक्षा दिली.

मीडियाचं तर याहून भारी. नवऱ्यानं धोका दिला म्हणून स्वतःची मुलं मारणारी आई म्हणून जग तिला ओळखतं, ते युरिपिडीसच्या इ.स.पूर्व ४३१ च्या नाटकामुळं. पण तिची मुलं कॉरिंथच्या लोकांनी मारली अशीही एक कथा ग्रीकांमध्ये होती. आणि आईवर आळ घालण्यासाठी कॉरिंथकरांनी नाटककाराला पाच टॅलेंट चांदी चारली, अशी कुजबुज जुन्या टीकाकारांनी नोंदवून ठेवली आहे. खरंखोटं बाजूला ठेवा, पण संशय तेव्हाच्या लोकांनाही आला होता.

असो. पुण्यात परत येऊ.

राघोबादादांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, पण ती अंगाला लागली नाहीत. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. नाना फडणवीस, सखारामबापू आणि इतर कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेलं. हेच ते बारभाई. १८ एप्रिल १७७४ ला तिला मुलगा झाला आणि तान्ह्या सवाई माधवरावाला पेशवा करण्यात आलं. गारद्यांना हुडकून शिक्षा देण्यात आल्या.

राघोबादादा पळाले. आनंदीबाई तेव्हा गरोदर, त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवून ते गुजरातेत इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७५ च्या जानेवारीत धारलाच मुलगा झाला, बाजीराव. बापाची गादी हरलेली, आई किल्ल्यात अडकलेली, अशा वेळी जन्मलेलं हे पोर.

मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. अडीच हजार फौजेच्या बदल्यात महिना दीड लाख रुपये आणि वर साष्टी-वसईचा मुलूख. नेरूळहून सुटणारी ट्रान्सहार्बर लोकल जिथं जाऊन थांबते ते ठाणे म्हणजे या साष्टीची किल्लीच. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून रक्त सांडून घेतलेला हा भाग. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी तहाआधीच, डिसेंबर १७७४ मध्ये घेतला होता. चिमाजीअप्पांच्या पुतण्यानं त्यावर कागदोपत्री शिक्का मारला. हा तह आनंदीबाईंनी केला नव्हता, आणि त्यासाठी कुठलं अक्षरही बदलावं लागलं नाही.

सात वर्षं युद्ध चाललं. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली आणि राघोबादादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. कोपरगावला डिसेंबर १७८३ मध्ये ते वारले. आनंदीबाई तेव्हा पुन्हा गरोदर होत्या. नवरा गेल्यावर काही महिन्यांनी चिमाजी हा धाकटा मुलगा जन्मला.

आता बायकोच नजरकैदेत. सोबत बाजीराव, चिमाजी आणि दत्तक मुलगा अमृतराव. नाना फडणवीसांचा पहारा इतका कडक की खुनी ठरलेल्या बापाची मुलं म्हणून ही पोरं पहाऱ्यातच मोठी झाली. पुढं कोपरगावहून त्यांचा मुक्काम नाशिकजवळ गोदाकाठच्या आनंदवल्लीला हलला. गावाचं हे नाव त्यांच्यावरूनच पडल्याचं सांगतात. तिथंच १७९४ साली आनंदीबाई गेल्या.

पुढच्याच वर्षी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून गेले, मागं मूल नव्हतं. आणि १७९६ मध्ये त्या गादीवर बसला आनंदीबाईंचा बाजीराव. ज्या गादीपायी खून झाल्याचं म्हणतात ती गादी मुलाला मिळाली, तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती. हाच शेवटचा पेशवा.

शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला आजही नारायण दरवाजा म्हणतात. नारायणरावाचा देह तिथून बाहेर नेला असं सांगतात. आणि आनंदवल्लीत राघोबादादा-आनंदीबाईंनी बांधल्याचं सांगितलं जाणारं गणपतीचं एक देऊळ आहे, नवश्या गणपती. नाशिककर तिथं नवस बोलायला जातात.