पहिला सॅक्सोफोन

एखादे वाद्य शिकायचे ठरवले, की मनात पहिला प्रश्न कोणता येतो? वाद्य नवे घ्यावे की जुने? महाग की स्वस्त? अमेरिकेतील थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याच्या आईपुढेही असाच प्रश्न होता.

चार्लीचा जन्म २९ ऑगस्ट १९२० रोजी कॅन्सस सिटी येथे झाला. वडील घर सोडून गेले होते. आई रात्री साफसफाईचे काम करून घर चालवत असे. शाळेच्या बँडमध्ये चार्लीला एक मोठे, जड वाद्य मिळाले. पण त्यात त्याचे मन रमेना. त्याला सॅक्सोफोन हवा होता. शेवटी आईने पैसे साठवून त्याच्यासाठी एक जुना सॅक्सोफोन विकत घेतला.

सॅक्सोफोन हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य आहे. त्याच्या नळीला छिद्रे असतात. चाव्या दाबल्या, की लहान लहान गाद्या ती छिद्रे झाकतात. गादी घट्ट बसली नाही, तर हवा निसटते आणि सूर बिघडतो. चार्लीच्या वाद्यातून अशीच हवा निसटत असे. तो चाव्यांना रबर बांधून काम भागवी.

सन १९३६ मध्ये तो रेनो क्लबमध्ये मोठ्या वादकांबरोबर वाजवायला गेला. वाजवता वाजवता तो चुकला. तेव्हा ड्रमवादक जो जोन्स याने एक झांज त्याच्या पायाजवळ फेकली. लोक हसले. चार्ली मान खाली घालून बाहेर पडला.

त्याने दोष वाद्याला दिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो ओझार्क डोंगराळ भागात एका बँडबरोबर गेला. लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्याने त्यांतील सूर पाठ केले. काही वर्षे तो रोज अकरा-अकरा तास रियाज करी. पुढे डिझी गिलेस्पीच्या साथीने त्याने ‘बीबॉप’ ही जॅझ संगीताची नवी शैली घडवली. सन १९५३ मध्ये टोरांटो येथील गाजलेल्या मैफिलीत तर त्याने चक्क प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवला!

मात्र व्यसनांनी त्याचे शरीर पोखरले. १२ मार्च १९५५ रोजी, अवघ्या ३४व्या वर्षी, तो मरण पावला. त्याची कला घ्यावी, व्यसन घेऊ नये.

मित्रांनो, पहिले वाद्य घेताना जाणकाराला सोबत न्या. ते वाजवून पाहा. सूर नीट उमटत असेल, तर जुने वाद्यही चालेल. वाद्य बाजारात मिळते. रियाज मात्र आपल्यालाच करावा लागतो.