डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

दक्षिणेकडील गोदावरीच्या सुपीक मुलखात भीमावरम नावाचे गाव आहे. आज ते आंध्र प्रदेशात असले, तरी पूर्वी मद्रास इलाख्यात मोडत असे. या गावी १२ जानेवारी १८९५ रोजी येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. अभ्यासात मन रमेना, म्हणून तेरा वर्षांचे असताना सुब्बाराव घरातून निघाले. काशीला जावे, यात्रेकरूंना केळी विकून पैसा मिळवावा, असा त्यांचा बेत होता. पण त्यांना शोधून परत आणण्यात आले आणि पुन्हा शाळेत बसविण्यात आले. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले.

पुढे त्यांनी मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तो काळ स्वदेशीच्या चळवळीचा होता. महात्मा गांधींच्या आवाहनास प्रतिसाद देऊन सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचा पोशाख घालू लागले. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. अखेरच्या परीक्षेत सुब्बारावांना वरची पदवी मिळाली नाही. खालच्या दर्जाच्या पदवीवर त्यांना समाधान मानावे लागले.

याच सुमारास त्यांच्या घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने संग्रहणीने मृत्यू पावले. या रोगात खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, रक्त पातळ होते आणि रोगी दिवसेंदिवस खंगत जातो. त्या काळी यावर खात्रीचा उपाय कोणालाच ठाऊक नव्हता. भावांच्या मृत्यूचे हे शल्य सुब्बारावांच्या मनात कायमचे राहिले.

उच्च शिक्षणासाठी १९२२ साली ते अमेरिकेतील बोस्टन शहरी पोहोचले. तेथे वैद्यकी करण्याचा परवाना त्यांच्यापाशी नव्हता. पोटासाठी त्यांनी एका रुग्णालयात रात्रपाळीची नोकरी धरली. डॉक्टर झालेला हा तरुण रात्री रोग्यांची मलमूत्राची भांडी धुई आणि दिवसा हार्वर्ड विद्यापीठात अभ्यास करी. कोणतेही काम त्यांनी कमी प्रतीचे मानले नाही.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के या शास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी संशोधनास आरंभ केला. रक्तातील फॉस्फरस मोजण्याची एक सोपी व अचूक रीत या दोघांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. ती आजही दोघांच्या नावाने ओळखली जाते. आपले स्नायू हालचालीसाठी शक्ती कोठून मिळवितात, या प्रश्नावरही त्यांनी मोलाचा प्रकाश टाकला. एवढे होऊनही विद्यापीठात त्यांना कायमची जागा मिळाली नाही. तेव्हा १९४० साली ते न्यूयॉर्क राज्यातील लेडर्ले प्रयोगशाळेत गेले.

तेथे त्यांनी हाती घेतलेल्या कामाचा एक धागा आपल्या मुंबईशी जुळतो. लुसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या होत्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी रक्तक्षय होत असे. त्याचे कारण त्या शोधीत होत्या. यीस्टचा अर्क दिल्यावर या स्त्रियांचे रक्त सुधारते, असे त्यांना आढळले. अर्कातील तो गुणकारी पदार्थ म्हणजे एक जीवनसत्त्व होते. पालकाच्या पानांतही ते सापडल्यामुळे पुढे त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. पाने, यीस्ट व यकृत यांत ते अगदी अल्प प्रमाणात असते. सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या परिश्रमाने १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार केले. लवकरच ते संग्रहणीच्या रोग्यांनाही देण्यात येऊ लागले आणि त्यांचे रक्त सुधारू लागले. ज्या रोगाने भावांचा बळी घेतला, त्यावरचे औषध अशा रीतीने सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडले.

पण या जीवनसत्त्वाची दुसरी बाजूही होती. बोस्टनमधील बालरुग्णालयात सिडनी फार्बर हे डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांवर उपचार करीत होते. फॉलिक आम्लासारखे पदार्थ दिल्यावर या मुलांचा रोग कमी होण्याऐवजी वाढतो, असे त्यांना दिसून आले. याचे कारण असे की, एका पेशीच्या दोन पेशी होताना फॉलिक आम्लाची गरज लागते आणि कर्करोगाच्या पेशी तर भराभर वाढत असतात. रोग्याला बळ देणारे जीवनसत्त्व त्याच्या शत्रूलाही बळ देत होते!

मग हेच जीवनसत्त्व त्या पेशींना मिळू दिले नाही तर? सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्लाच्या रचनेत थोडासा बदल करून काही नवे पदार्थ बनविले. त्यांपैकी एकाचे नाव अमिनोप्टेरिन. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी आणि खऱ्या किल्लीला वाव राहू नये, तसे हे खोटे जीवनसत्त्व पेशीत खऱ्याची जागा अडविते. त्यामुळे पेशीची वाढ खुंटते व ती मरते.

फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस हे औषध वापरून पाहिले. १९४८ साली त्यांनी सोळा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी दहा मुलांना उतार पडला होता. हा उतार काही काळच टिकला. तरीही औषधाने हा रोग मागे हटविता येतो, हे जगाला प्रथमच दिसले. अमिनोप्टेरिनचेच भावंड शोभेल असे मेथोट्रेक्सेट हे औषध याच प्रयोगशाळेत तयार झाले. आज इतर औषधांच्या जोडीने ते देण्यात येते आणि जेथे चांगले उपचार मिळतात, तेथे अशी बहुतेक मुले बरी होतात. निरोगी पेशींनाही त्याची झळ लागते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते.

हत्तीपाय रोगावरील औषध आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक, यांमागेही सुब्बारावांचे मार्गदर्शन होते. मात्र श्रेय घेण्यासाठी ते कधी पुढे आले नाहीत. त्यामुळे त्यांचे नाव फारसे गाजले नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. मायदेशी परतणे त्यांना घडले नाही. भारत सरकारने १९९५ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या स्मरणार्थ टपालतिकीट काढले. पण त्यांचे खरे स्मारक त्याहून मोठे आहे. मरणाच्या दारातून परत आलेली असंख्य मुले, हेच ते स्मारक होय.