न घेतलेल्या सेवेचं बिल

अक्कलकुव्याहून पुण्याला, नाशिकला किंवा सुरतेला शिकायला गेलेल्या तुमच्या कुठल्याही मित्राला विचारा. पाच जण हॉटेलात जेवले, बिल आलं आणि खाली बारीक अक्षरात 'सर्व्हिस चार्ज'. कुणी काही विचारलं नव्हतं, कुणी हो म्हटलं नव्हतं. तरी बहुतेक जण गपचूप क्यूआर कोड स्कॅन करतात, कारण चारचौघांत वाद कोण घालणार? जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं, की हा चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही. द्यायचा की नाही, ते गिऱ्हाईक ठरवेल.

हा प्रश्न तुम्हाला आजचा वाटेल. पण दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका माणसाने तो फार मोठ्या जागी विचारला होता. त्याचं नाव जोतीराव फुले.

शाळा काढणारे फुले आपण पाठ्यपुस्तकात वाचलेत. १८४८, भिडेवाडा, सावित्रीबाई, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, म्हणून ते इथे पुन्हा सांगत नाही. धंद्यातले फुले मात्र आपल्याला फारसे भेटत नाहीत. ११ एप्रिल १८२७ ला जन्मलेला हा मुलगा दुकानदाराच्या घरातला. आडनाव मूळचं गोऱ्हे. घराण्याने पेशव्यांना फुलं पुरवली म्हणून 'फुले' झालं. दुकानातल्या कारकुनाने वडिलांचे, गोविंदरावांचे कान भरले आणि जोतीची शाळा सुटली. पुढे गफारबेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये तो मिशनच्या शाळेत गेला. मोठेपणी त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणारं सामान विकलं, बांधकामाची कंत्राटं घेतली, खडकवासला धरणाच्या कामाला माल पुरवला. म्हणजे विकणाऱ्याच्या बाजूनेही त्यांना व्यवहार कळत होता. माझ्या मते, म्हणूनच त्यांना फसवणूक इतकी नेमकी दिसली.

१८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. एक शेतकरी जोडपं आहे, बायको गरोदर. जोशी दारात येतो, ग्रह वाईट आहेत म्हणून भीती घालतो आणि शांतीच्या नावाखाली खर्च वाढवत नेतो. आजच्या भाषेत सांगायचं तर आधी घाबरवायचं, मग उपाय विकायचा. मोबाईलवर 'तुमचा फोन हॅक झालाय, लगेच इथे क्लिक करा' असा मेसेज येतो, त्याची जात हीच. शेवटी ते जोडपं शिकायला जायचं ठरवतं. दक्षिणा प्राइझ कमिटीने या नाटकाला बक्षीस दिलं नाही, हे ओघाने आलंच.

'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : कागदावर काय लिहिलंय हे न कळता त्यावर निशाणी करणारा शेतकरी. हे पुस्तक फुल्यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनाही वाचून दाखवलं होतं. त्याआधी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला : पैसे दिले की लेखी पावती, वर्षाला हिशेब, मागितलं तर पासबुक. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चारच जिल्ह्यांना लागू होता, आपल्या खानदेशाला नाही. तुमच्या फोनवर टिंग करून येणारी पेमेंटची पावती आहे ना, ती मिळावी म्हणून इथे आधी रोखे जळलेत.

फुल्यांचा यावरचा उपाय एकच होता, शिक्षण. मोलगीच्या बाजारात आमचूर विकून त्याच पैशात तेल-मीठ घेणाऱ्या आजीचा विचार केला, की तो पटतो. काट्यावरचा आकडा वाचता आला तर निम्मी लढाई तिथेच संपते. पण आपलं काय? आपल्याला वाचता येतं, तरी ॲपमधल्या अटी न वाचताच 'आय ॲग्री' दाबतो. आपली निशाणी आणि त्या शेतकऱ्याची निशाणी यात मला फारसा फरक दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. २४ सप्टेंबर १८७३ ला फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, पुण्यात भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं. वधूवरांनी एकमेकांना वचनं दिली ती कळणाऱ्या मराठीत. त्यात नवरी नवऱ्याकडून हक्क मागते, आणि तो कबूल करतो.

लग्न लागलं, पण विषय मिटला नाही. गावोगाव जोशी वतनदार होते. लग्न म्हटलं की दक्षिणा त्यांचा हक्क, आणि त्या काळची कोर्टंही हा हक्क मानत असत. बोलावलं नाही तरी पैसे द्या! १८८४ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न जोशांना न बोलावता लावलं. जोशांनी दक्षिणेसाठी फिर्याद केली. कल्पना करा, एका खेड्यातला माणूस, समोर पिढ्यान् पिढ्यांचं वतन. रक्कम देऊन मोकळं होणं सोपं होतं, अगदी आपल्या सर्व्हिस चार्जसारखं. बाळाजी मोकळे झाले नाहीत. सत्यशोधक समाज त्यांच्या पाठीशी उभा राहिला, प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं आणि बाळाजी जिंकले. जी सेवा घेतली नाही, तिचे पैसे देणं लागत नाही.

त्या वेळी 'ग्राहक' हा शब्द कुणी वापरला नव्हता, आणि ही लढाई नुसत्या पैशांची नव्हती, मानाची होती. ग्राहक संरक्षण कायदा यायला १९८६ उजाडलं, नवा कायदा २०१९ चा. आपल्यासारख्या सातपुड्याच्या टोकाला राहणाऱ्यांसाठी नव्या कायद्यातली एक सोय फार कामाची आहे : विकणारी कंपनी बंगळूरची असली तरी तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नंदुरबारच्या जिल्हा आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करून बघा. कित्येकदा तेवढ्याने काम होतं. बाळाजींकडे यातलं काहीच नव्हतं.

फुले कोर्टाच्या निकालावर विसंबून बसले नाहीत. १८८७ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. मंगलाष्टकांसकट सगळे पूजाविधी आपले आपण कसे करायचे, ते त्यात सोप्या मराठीत लिहिलं. ज्याला कुणाला बोलवायचं नसेल, त्याने पुस्तक उघडावं आणि घरच्या घरी कार्य उरकावं. पुढच्याच वर्षी, मे १८८८ मध्ये, मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं, आणि जुलैत अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हा ते डाव्या हाताने लिहायला लागले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. डाव्या हाताने लिहिलेलं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापून आलं ते १८९१ मध्ये.